मदत हवी आहे: अहवालातल्या शिफारशीला ‘पूर्ण’ शेरा नेमका कधी द्यायचा?

सोलापुरात आम्ही कायद्याचे विद्यार्थी कॅनडाच्या सैन्यातील लैंगिक गैरवर्तनावरच्या, माजी न्यायमूर्ती लुईझ आर्बर यांच्या अहवालाचा (मे २०२२, ४८ शिफारशी) तक्ता करतोय. रकाने: स्वीकारली, आदेश निघाला, कायदा झाला, अंमल दिसतो. सरकारी ‘पूर्ण’वर विसंबत नाही, बाह्य निरीक्षकांचे अहवाल पडताळलेत. सरकारी माहितीसाठीचा अर्ज कॅनडाचे नागरिक, कायम रहिवासी किंवा कॅनडात असणारे यांनाच करता येतो, त्यामुळे आमची प्रसिद्ध कागदांवरच भिस्त.

घोडं अडलंय पाचव्या शिफारशीवर: लैंगिक गुन्हे फक्त नागरी न्यायालयांत चालवा. प्रकरणं नागरी पोलिसांकडे जाऊ लागली, पण त्यासाठीचं सी-६६ विधेयक जानेवारी २०२५ मध्ये संसदेचं सत्र संपल्यावर बारगळलं. व्यवहार बदलला होता, कायदा मात्र तेव्हा तोच होता. मग त्या महिन्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? शिवाय तक्रारी वाढल्या तर गुन्हे वाढले की विश्वास, हे ओळखायला शेजारी निनावी सर्वेक्षणाचा आकडा ठेवला तर पुरेल का?