सुनेच्या आजीची व्होल्गाकाठची आठवण आणि १९४१ चे निर्वासन

माहीमकर:
आमची सून जर्मनीची. तिच्या आजीचा जन्म व्होल्गाकाठी, एंगेल्स शहराजवळच्या जर्मन वस्तीत झाला. मध्यंतरी त्या आमच्याकडे राहिल्या, तेव्हा सून दुभाषी होऊन बसे आणि त्या थोडे थोडे सांगत. सप्टेंबर १९४१ मध्ये सोव्हिएत सरकारने सगळ्या गावाला कझाकस्तानात हलवले, तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. निघताना गायींची धार काढायची राहिली होती आणि त्यांचे हंबरणे गावाबाहेर पडेपर्यंत ऐकू येत होते, एवढे सांगून त्या थांबतात. पुढे कझाकस्तानातून वडिलांना श्रमसेनेत, म्हणजे सक्तीच्या मजुरीच्या तुकडीत नेले, ते परतलेच नाहीत. पिढ्यानपिढ्या रशियात शेती करणाऱ्यांना हिटलरच्या युद्धाची शिक्षा का? आणि स्टालिन गेल्यावरही त्यांना गावी का परतता आले नाही?

गिरगावकर:
ताई, २८ ऑगस्ट १९४१ च्या सोव्हिएत हुकमात या व्होल्गाकाठच्या जर्मनांमध्ये हजारो हेर व घातपाती लपले असल्याचा आरोप होता. पुरावा एकही दिलेला नव्हता. ज्यांच्या पूर्वजांना रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने १७६३ मध्ये जाहीरनामा काढून बोलावले, त्या सुमारे चार लाख लोकांना काही आठवड्यांत मालगाड्यांत भरून सायबेरिया व कझाकस्तानात नेले आणि त्यांचे स्वायत्त प्रजासत्ताकही मोडीत काढले. तेथे देखरेखीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे कमांडंटकडे, हजेरी द्यावी लागे. १९४८ मध्ये हे निर्वासन कायमचे ठरवून, नेमलेली जागा सोडणाऱ्यास वीस वर्षे सक्तमजुरी जाहीर झाली. डिसेंबर १९५५ मध्ये हजेरी सुटली, पण जप्त मालमत्ता मिळणार नाही आणि मूळ गावी परतता येणार नाही, हे त्याच हुकमात नमूद होते. १९६४ मध्ये सरसकट आरोप मागे घेतला, तरी वास्तव्याचे निर्बंध उठायला १९७२ उजाडले. आरोप निराधार मानूनही घर नाकारणे मला मूळ हुकमाइतकेच अन्यायाचे वाटते.

उल्हासनगरवासी:
१९४५ नंतर पोलंड व चेकोस्लोव्हाकियातून हाकललेल्या जर्मनांची कहाणी वेगळी आहे, तिची गल्लत यात होऊ देऊ नये. आमच्या आजोबांना सिंध सोडण्याबद्दल विचारले की ते गप्प होत. कल्याणच्या छावणीतल्या रेशनच्या रांगेबद्दल मात्र तासभर बोलत. आजींनाही गावाचे, स्थानकाचे आणि हजेरीच्या ठिकाणाचे नाव विचारावे. एंगेल्सला व्होल्गा जर्मनांचे सरकारी अभिलेखागार आहे, तेथे चौकशी करताना हीच नावे लागतील. त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत, मध्ये न अडवता ध्वनिमुद्रित करावे. भाषांतर सूनबाई सावकाश करतील.