पोकर: रिव्हरवर (शेवटचं पान उघडल्यावर) तीनात एक ब्लफ हवाच का?

किलवर_एक्का: काल इथे कुणीतरी ठामपणे लिहिलं, "छोट्या टेबलवर ब्लफ म्हणजे पैसे उधळणं. हात आला तर मारा, नाहीतर पानं टाका." वाचून डोकंच फिरलं. अहो, तुम्ही फक्त चांगल्या हातावर लावता हे दोन तासांत सगळ्या टेबलला कळतं. मग तुमच्या सेटला (तीन सारख्या पानांना) कॉल देणार कोण, म्हणजे तेवढेच पैसे टाकून पानं बघणार कोण? पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 1000 आहेत, तुम्ही रिव्हरवर 1000 लावलेत. समोरचा 2000 मिळवायला 1000 टाकतो, म्हणजे तीनदा कॉल करून एकदा जिंकला तरी बरोबरीत सुटतो. म्हणून तुमच्या तीन बेटांत दोन खऱ्या, एक खोटी. निम्मा पॉट लावलात तर चारात एक. एवढंही न करता वर दुसऱ्यांना शिकवायचं?

चौकट_राणी: ते वाक्य माझं आहे आणि मी मागे घेणार नाही. पणजीला मांडवीतल्या एका बोटीवर तुमचंच गणित घेऊन बसले होते. बोर्डवर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेल्या पानांत, इस्पिकची तीन पानं, माझ्या हातात इस्पिक एक्का, दुसरं पान चौकट दश्शी. म्हणजे सगळ्यात मोठा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) समोर असूच शकत नाही. ब्लफ म्हणून पूर्ण पॉट लावला. समोरच्या काकांनी नव्वीच्या जोडीवर कॉल दिला. "बघू तरी काय आहे," म्हणाले. त्यांना बघायचंच होतं! आता सांगा, तीनात एक कुणासाठी?

किलवर_एक्का: एका हाताची गोष्ट म्हणजे पुरावा नाही. 2017 मध्ये लिब्रेटस या पोकर खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांना 1,20,000 हातांत हरवलं, ते काय नुसत्या एक्क्यांवर?

चौकट_राणी: माझ्या टेबलवर व्यावसायिक नसतात, काका असतात.

इस्पिक_गुलाम: दोघंही उगाच भांडताय. खरा बॅलन्स, म्हणजे खऱ्या-खोट्या बेटांचा समतोल, तीन पत्तीतल्या ब्लाइंडमध्ये. स्वतःलाच पान माहीत नाही, मग चेहऱ्यावर दिसणार काय? आमची आत्या दिवाळीत रात्रभर ब्लाइंड खेळायची, भलेभले पॅक व्हायचे.

किलवर_एक्का: तो बॅलन्स नव्हे. तीन पत्तीत सुमारे 74 टक्के हातांत जोडीसुद्धा नसते. ब्लाइंडवाला तीनात एक नाही, चारात जवळजवळ तीनदा पोकळ असतो. ब्लफ कुठल्या पानांवर करायचा हे निवडता आलं पाहिजे.

इस्पिक_गुलाम: पण त्याला चाल निम्मी पडते! पान बघितलेल्याने दुप्पट टाकायची. ते हिशोबात धरलंत का? आत्याला न बघता पोकळ म्हणू नका.

बदाम_सत्ती: आमच्याकडे ब्लाइंड चारच चाली, पुढे पानं बघावीच लागतात. त्यावरून माझा मेहुणा दोन वर्षं दिवाळीला आला नाही.

इस्पिक_गुलाम: चार चालींची अट म्हणजे खेळाचा जीव घेणं. मेहुण्याचं बरोबर आहे.

बदाम_सत्ती: घर आमचं, नियम आमचा. तुम्ही मध्ये पडू नका.

किलवर_एक्का: मूळ मुद्द्यावर या. राणीताई, काकांसारखा प्रत्येक बेटला कॉल देणारा असेल तर ब्लफ शून्य, तिथे तुमचं बरोबर. एवढंच मान्य. पण तेच काका दुसऱ्या दिवशी फोल्ड करायला, म्हणजे पानं टाकायला, शिकले तर?

चौकट_राणी: शिकले तर तीनात एक सुरू करीन. त्या रात्री पहाटे चारपर्यंत तरी ते शिकले नव्हते.

इस्पिक_गुलाम: निम्म्या चालीचं उत्तर अजून आलेलं नाही.