मदत हवी आहे : चराईबंदीच्या काळातला चारा निधीत कसा बसवायचा?

पाणलोट आणि गायरान सुधारणेचा एकत्र प्रस्ताव सरकारी निधीसाठी तयार होतोय. माथा ते पायथा हा क्रम ठरलाय: आधी वरच्या उतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर), मग ओघळीत दगडी बांध. बांधांमधलं अंतर म्हणजे उंची भागिले उतार. १ मीटर उंची आणि ५ टक्के उतार असेल तर २० मीटर. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला यायला हवा, नाहीतर मधला तळ खरवडत राहतो आणि वरचा बांध पायातून पोखरला जातो. हे सगळं अंदाजपत्रकात बसतं, कारण घनमीटरमध्ये मोजता येतं.

अडतंय ते गवतापाशी. गायरानात गवत पेरल्यानंतर निदान दोन पावसाळे चराई बंद हवी. मुळं धरण्याआधी जनावरं शिरली की कोवळी रोपं उपटलीच म्हणून समजा. या काळातला पर्यायी चारा आणि राखणदार यांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदरात दाखवता? कापून नेण्याची मुभा दिली तर भाऱ्यांची नोंद कशी ठेवता? आणि निधीची मुदत बहुधा गवत जमायच्या आतच संपते, मग पुढच्या राखणीची तरतूद कुठून? गवताच्या आच्छादनाची आधीची आणि नंतरची मोजणी जमिनीवर आखलेल्या त्याच रेषेवर, त्याच महिन्यात करायची, एवढं पक्कं आहे. मंजूर झालेला एखादा नमुना तक्ता असेल तर पाठवा.