मदत हवी आहे: कोपराच्या फ्रॅक्चरनंतर लहान मुलांची तपासणी

नमस्कार. मी मुलांच्या अस्थिरोग कक्षात परिचारिका आहे. मुलांची लवचिक हाडे पुष्कळदा ओल्या फांदीसारखी एका बाजूनेच मोडतात आणि प्लॅस्टरमध्ये लवकर जुळतात. मला खरी काळजी वाटते ती दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाशी होणाऱ्या सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चरची, कारण तेथून हाताला रक्त पुरवणारी ब्रेकियल धमनी आणि बोटांची हालचाल व संवेदना सांभाळणारा मज्जातंतू (मीडियन नर्व्ह) अगदी जवळून जातात आणि सूज वाढून रक्तपुरवठा अडला, तर हात कायमचा आखडू शकतो.

बोटांचा रंग, ऊब, मनगटाची नाडी आणि नख दाबल्यावर लाली परतण्यास लागणारा वेळ आम्ही नियमित नोंदवतो. परंतु चार-पाच वर्षांचे घाबरलेले मूल मुंग्या येत असल्याचे सांगू शकत नाही आणि बोटे हलवण्यासही नकार देते. वाढती अस्वस्थता, वेदनाशामक देऊनही न थांबणारे रडणे किंवा बोटे सरळ करताना होणारी तीव्र वेदना दिसताच मी डॉक्टरांना कळवते. तरीही मज्जातंतू तपासण्यासाठी लागणाऱ्या, अंगठा व तर्जनी जुळवून गोल करण्यासारख्या हालचाली अशा मुलाकडून खेळातून कशा करून घ्याव्यात, आणि घरी जाताना ही धोक्याची चिन्हे पालकांना न घाबरवता कशी समजवावीत, याबद्दल अनुभवी सहकाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.