बी विंग पार्किंग: कॅट काढायचा की नाही?

रोहन, बी-२०३: नमस्कार मंडळी. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. चढावर दम टाकते, चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी०४२० हा बिघाडाचा कोड. गॅरेजवाला म्हणतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे इंजिनचा धूर स्वच्छ करणारा डबा) चोक झालाय, आतली जाळी फोडून रिकामा डबा परत बसवू. करू का?

देशपांडे काका, ए-५०२: अजिबात नको. पी०४२० म्हणजे कॅट नीट काम करत नाही, एवढंच. चोक झालाय असं तो कोड सांगत नाही. सेन्सरजवळ सायलेन्सर पाइप लीक असला तरी हाच कोड येतो. आधी मोजून घे. कॅटच्या आधीचा, इंजिनकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावायला सांग. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) दाब साधारण सव्वा पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला ३ च्या आत असेल, तर चोक नाही. मग पिकअपचं कारण दुसरीकडे शोधायचं.

सलमा ताई, सी-१०१: आणि जाळी फोडली की पीयूसीला अडकशील. बीएस ४ ला आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमची मर्यादा आहे, रिकाम्या डब्याने ती पाळणं कठीण. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

रोहन, बी-२०३: बापरे. आणि खरंच चोक निघाला तर?

देशपांडे काका, ए-५०२: तर नवा बसव, पण तो का गेला हे शोधल्याशिवाय नाही. कॅट सहसा आपणहून मरत नाही. प्लग किंवा कॉइल मिसफायर करत असेल, म्हणजे ठिणगी चुकत असेल, तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि सिरॅमिकची जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल किंवा हेड गॅस्केटमधून कूलंट जात असेल तर जाळीवर थर बसतो. कारण तसंच ठेवलंस तर नवाही जाईल. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवूच नकोस, तो मिसफायरचाच इशारा असतो.

सलमा ताई, सी-१०१: खोलताना समोर उभा राहा. बऱ्याच लहान गाड्यांत कॅट मॅनिफोल्डलाच (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना) जोडलेला असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, नटांना आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारायचं. सेन्सरचा कनेक्टर आधी सोडवायचा, मग २२ एमएमचा खाच असलेला सॉकेट. वायर पिळली की सेन्सर गेला. स्टड (नट बसतो तो आट्यांचा खिळा) गंजलेला असेल तर जोर लावू देऊ नकोस, मॅनिफोल्डमध्ये तुटला तर ड्रिल करून काढावा लागतो, खर्च दुप्पट. खालून काम असेल तर नुसत्या जॅकवर नाही, स्टँड हवेच.

देशपांडे काका, ए-५०२: जोडातली गॅस्केट नवीनच. जुनी लावली की हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त सोडतो आणि नवा कॅट तापून जातो. सेन्सरच्या आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लाव, टोकाला लागू देऊ नकोस.

रोहन, बी-२०३: जुना कॅट गॅरेजलाच देऊ?

सलमा ताई, सी-१०१: मुळीच नाही. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून भंगारात भाव मिळतो. बिलावर 'जुना भाग परत' लिहून घे. आपल्या पार्किंगमध्ये कोणी ती जाळी हातोडीने फोडायला बसू नये, ती पूड फुप्फुसात जाते.

रोहन, बी-२०३: ठीक आहे ताई. उद्या आधी गेज लावून घेतो, आकडे इथेच टाकतो.