पहिलं गिऱ्हाईक: हौशी सुतारांनो, तुमची पहिली विक्री सांगा

नोकरी सांभाळून रंधा-पटाशी हाताळणारे कोल्हापुरात बरेच आहेत. पहिली वस्तू किती रुपयांना गेली आणि तो आकडा तोंडातून कसा निघाला, तेवढं लिहा. आधी माझं. राजारामपुरीत शेजारच्या काकूंना सागवानी पोळपाट करून दिला. ‘किती द्यायचे?’ म्हटल्यावर मी शहाणपणानं ‘द्या की तुमच्या मनाला येईल ते’ म्हणालो. त्यांच्या मनाला 150 आले. वखारीत नुसत्या लाकडाचे 220 मोजले होते!

—

माझी पहिली विक्री म्हणजे चौरंग, 1800 रुपये. केला मे महिन्यात, कडक उन्हात. फळी चौकटीला फेविकॉल लावून वर स्क्रूनं घट्ट आवळली, मजबुतीचा भारी अभिमान. जुलैत पावसानं झोडपलं आणि गणपतीच्या तोंडावर शिवाजी पेठेतल्या त्या वैनींचा फोन, ‘भावजी, चौरंग डुगडुगतोय.’ लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. माझ्या फळीला फुगायला जागाच नव्हती, तिनं चौकटीचा सांधा उघडला. फळी सोडवली, चौकटीतली भोकं लांबट केली, वायसर घालून खालून स्क्रू बसवले, फेविकॉल अजिबात नाही. पैसे विचारायचं धाडस झालं नाही, त्यांनीच चहा पाजला.

—

खेळण्यातल्या बारा लाकडी बैलगाड्या एका दुकानात ठेवल्या, ‘विकल्या की पैसे’ या बोलीवर. दोन वर्षं झाली. गाड्या दिसत नाहीत, पैसेही नाहीत.

—

पोळपाटवाल्या भावा, मजुरीचं सोपं आहे. ओळखीच्या मिस्त्रीला दिवसाची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी विचार, आठ तासांनी भाग, तुझे तास धर. लाकूड, पॉलिश पेपर वेगळे. हौशी हात सावकाश चालतो, म्हणून मी तास निम्मेच लावतो. घासण्यात गेलेला रविवार गिऱ्हाईकानं का भरावा?

—

माझं पहिलं गिऱ्हाईक निघालं फुलेवाडीतले एक म्हातारे, जन्मभर सुतारकी केलेले. हे मला नंतर कळलं. आंब्याच्या लाकडाचं स्टूल, 400 सांगितले. त्यांनी ते उलटं केलं, अंगठा फिरवला.

‘खालनं रंधा न्हाई मारलास?’

‘खालचं कोण बघतंय, काका.’

‘मी बघतोय की.’

चारशे मोजून दिले. मी नोटा खिशात घातल्या, स्टूल परत घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी पोचवलं.