लॉन पिवळं पडतंय, काय करू? (बजेट अगदी कमी)

मातीचे_पाय:
अंगणात छोटंसं लॉन आहे, साधी हरळीच. ऊन तापलं की दरवर्षी जागोजागी पिवळे चट्टे पडतात. रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइपने पाणी मारते तरी. कडेला जास्वंद आणि लिंबू आहे, तीही मान टाकतात. एखादी खताची पिशवी बसेल एवढेच पैसे आहेत, मशीन वगैरे सुचवू नका प्लीज.

हिरवा_कोपरा:
सगळं उपटा आणि मेक्सिकन ग्रासचं कार्पेट टाका. आम्ही टाकलं, येणारा प्रत्येक जण वाकून हात लावून बघतो.

ऊनसावली:
अहो बजेट लिहिलंय वर, वाचा की. आम्हीही कार्पेट टाकलेलं, ऐन उन्हाळ्यात, मुळं धरायच्या आधीच दोन पट्टे वाळून गेले. अजून जीव हळहळतो.

निवांत_५२:
स्प्रिंकलरला टायमर बसवा. आमचा पहाटे ५ ला आपोआप सुरू होतो, मी झोपलेलो असतो.

बांधावरचा:
ताई, रोज दहा मिनिटं हीच चूक होतेय. पाणी वरच्यावर राहतं, मुळं खाली जायचं नावच घेत नाहीत, मग वरची दोन बोटं माती तापली की गवत गेलंच. आठवड्यातून दोनदाच द्या पण वीतभर माती भिजेल इतकं. लांब स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा, सहज आत गेला तर भिजलंय. लॉनवर उथळ डबे ठेवून पाणी मोजा, आठवड्याचं मिळून साधारण २५ मिमी पुरतं. आणि द्यायचं पहाटे, संध्याकाळी दिलं की पातं रात्रभर ओलं राहतं आणि बुरशी धरते.

निवांत_५२:
+१. पहाटेच. म्हणून तर टायमर म्हणतोय.

गुलबक्षी:
मी २० वर्षं संध्याकाळीच देतेय, बुरशी कधी बघितली नाही.

बांधावरचा:
कोरड्या हवेत चालून जातं, दमट हवेत नाही.

गुलबक्षी:
मग तसं लिहायचं ना आधी.

चिंगी०७:
थोडा युरिया फेका, आठ दिवसांत हिरवंगार.

मुळापासून:
युरिया अजिबात नको!! मी भर उन्हात फेकला, वर पाणी नीट दिलं नाही, जिथे जिथे मूठ पडली तिथे तिथे करपलेले गोल. आधी चट्ट्यातलं गवत हाताने ओढून बघा. सतरंजीसारखं उचललं गेलं तर खाली हुमणी आहे समजा, पांढरी जाड अळी, वेटोळं करून बसलेली, ती मुळं खाते. आणि कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, उन्हाळ्यात गवत जरा उंचच ठेवा.

हिरवा_कोपरा:
नाहीतर प्लास्टिकचं लॉन घ्या, कटकटच नाही.

ऊनसावली:
बहिणीकडे आहे. दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही त्यावर, इतकं तापतं.

मातीचे_पाय:
सगळ्यांचे आभार. गवत ओढून बघितलं, घट्ट आहे, म्हणजे हुमणी नसावी. स्क्रूड्रायव्हर मात्र दोन बोटंसुद्धा गेला नाही, बांधावरचा म्हणतात ते पटलं. पण आठवड्याला एवढं पाणी आमच्याकडे नाहीच. म्हणून ठरवलंय, या उन्हाळ्यात लॉन पिवळंच राहू दे. हरळी आहे ती, शेतातून खणून काढली तरी परत फुटते. वरची पाती वाळली तरी जमिनीतल्या काड्या जिवंत असतात, अधूनमधून ओल दाखवत राहीन. असलेलं पाणी जास्वंद आणि लिंबाला, बुडाशी वाळक्या पाल्याचा थर घालून. खत पाऊस सुरू झाल्यावरच घेईन.

चिंगी०७:
पिवळं लॉन बघवत नाही हो.

गुलबक्षी:
घाला पाला, पण खोडाला चिकटवू नका, चार बोटं मोकळी सोडा. माझ्या लिंबाची साल कुजली होती तशी.